अर्पण तसेच ठेवून

(देगलूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



गुंडा महाराजांच्या चक्रीभजनाचे आणि धुंडा महाराजांच्या कीर्तनाचे हे गाव आहे. इथे येऊन ख्रिस्ती प्रार्थनेवर बोलायचे, तर ऐकणाऱ्यांना देवापुढे उभे कसे राहायचे ते नव्याने सांगायला नको. माझे निम्मे काम तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या करून ठेवले आहे. शिवाय हा मुलूख तिठ्यावरचा. बाजारात मराठीत भाव करणारा माणूस पुढच्या दुकानात तेलुगू बोलतो आणि सोयरिकीला कानडी मुलखात जातो. पलीकडे तेलंगणात मेदकचे ते प्रचंड चर्च उभे आहे. दुष्काळात लोकांना काम आणि अन्न मिळावे म्हणून चार्ल्स पॉझ्नेट या मिशनऱ्याने ते बांधायला घेतले आणि 1924 च्या नाताळात त्याचे समर्पण झाले. इकडे नांदेड, उदगीर, लातूर, बीदर या पट्ट्यात लहान लहान मंडळ्या आहेत. त्यांची उपासना मराठीत चालते, आणि शोकाच्या घरी त्यांचे पाळक जातात तेव्हा ओसरीवर शेजारपाजारची सगळ्या जातीधर्मांची माणसे बसलेली असतात. ‘हे दयाळू स्वर्गीय पित्या, या दुःखी कुटुंबावर दया कर’ हे शब्द ज्यांनी कधी चर्चची पायरी चढली नाही त्यांच्याही कानांवरून गेलेले असतात.

माझा विषय हीच प्रार्थना आहे. शोकात असलेल्यांवर दया कर, आणि ज्यांची मने एकमेकांपासून तुटली आहेत त्यांच्यावरही दया कर. पाळक या दोन मागण्या बहुधा एका दमात करतात. ऐकणाऱ्याला वाटते, चांगल्या गोष्टींची यादी चालली आहे, त्यात दोन्ही आल्या. मला तसे वाटत नाही. मयताच्या घरात बसून पाहा. सातबाऱ्यावर वारस म्हणून कोणाची नावे लागणार, दवाखान्याचा खर्च कोणी केला, शेवटच्या दिवसांत कोण आले आणि कोण आले नाही, हे हिशेब दहाव्याच्या आधीच सुरू झालेले असतात. बांधावरून बोलणे बंद असलेले दोन भाऊ बापाच्या मयताला येतात आणि दोन वेगवेगळ्या भिंतींना टेकून बसतात. ज्या घरात कर्जापायी कर्त्या माणसाने जीव दिला, तिथे तर रडण्याआधी बोट कोणाकडे दाखवायचे हे ठरते, आणि ते बहुतेक वेळा सुनेकडे वळते. शोक आणि दुरावा ही दोन दुःखे निराळी नसतात. पुष्कळदा एकाच दुःखाला फुटलेली ती दोन तोंडे असतात. हे ज्या मराठी घरात सगळ्यात उघडपणे दिसते, त्या घराविषयी आज बोलायचे आहे.

ते घर नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 चा, कोकणातल्या करजगावचा. लक्ष्मीबाईंचा जन्म 1868 चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरच्या त्या गोखले. लग्नात त्या अकरा वर्षांच्या होत्या. माहेरी सोवळ्याचा इतका कडकडाट की वडिलांच्या सोवळ्यापुढे घरातल्या माणसांचे जगणे दुय्यम ठरावे. नवरा मिळाला तो प्रतिभावान, उदार आणि शीघ्रकोपी. पैसा त्याच्या हातात टिकत नसे, आणि एका गावात तो स्वतः टिकत नसे. न सांगता घरातून निघून जाणे हा टिळकांचा जुना स्वभाव होता. लक्ष्मीबाईंनी लहान मुलांचे मृत्यूही पाहिले होते. म्हणजे धर्मांतराचा प्रश्न येण्याच्या पुष्कळ आधीच या घरात शोक होता आणि ताणही होता. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणारे हे विसरतात आणि सगळ्या गोष्टीचा उगम बाप्तिस्म्यात शोधतात.

1893 च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलणे काव्यावरून धर्मावर गेले. उतरताना त्यांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत दिली आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना पुस्तक वाचून संपवायची सवय होती. हेही संपवू म्हणून त्यांनी वाचायला घेतले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. पुढे मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींशी पत्रव्यवहार झाला. अमेरिकन मिशनच्या जस्टिन अ‍ॅबट यांची ओळख झाली. हेच अ‍ॅबट पुढे आपल्या संतांची चरित्रे आणि अभंग इंग्रजीत नेण्यात रमले, म्हणून देगलूरकरांनी त्यांचे नाव लक्षात ठेवायला हरकत नाही. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. बायकोला आधी सांगितलेले नव्हते.

डोंगरावरच्या त्या प्रवचनात काय आहे ते पाहिले पाहिजे. ते तीन अध्यायांचे आहे. आरंभी धन्य कोण ते सांगितले आहे, आणि त्यात शोक करणारे येतात, दया करणारे येतात, समेट घडवणारेही येतात. पुढे वेदीचा प्रसंग येतो. तू अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथे तुला आठवले की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच राहू दे. आधी जा, भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर, असा त्याचा आशय. यातली एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. ‘तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर’ असे तिथे म्हटलेले नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असे आहे. म्हणजे मी कोणावर रागावलो आहे हा प्रश्नच नाही; माझ्यामुळे कोण दुखावले आहे, हा आहे. देव थांबायला तयार आहे, दुखावलेल्या माणसाला थांबवू नकोस.

ज्या प्रवचनाने टिळकांना ख्रिस्ताकडे ओढले, त्याच प्रवचनात हे वाक्य होते, आणि टिळक वेदीपर्यंत गेले ते लक्ष्मीबाईंना मागे ठेवून. हा विरोध टिळकांच्या चरित्रकारांनी फारसा बोलून दाखवलेला नाही. ख्रिस्ती लेखकांनी त्यांच्या धैर्याचे कौतुक केले, हिंदू लेखकांनी बायकोवरच्या अन्यायाचा पाढा वाचला. दोन्ही खरे आहे. पण टिळकांनी स्वतः हा विरोध पुढची चार वर्षे अंगावर वागवला असे मला त्यांच्या वागण्यावरून वाटते, आणि माझा रस त्या चार वर्षांत आहे.

बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाईंचे जे झाले त्याला शोक म्हणण्याची समाजात सोय नव्हती. माणूस जिवंत होता. धर्म सोडून गेलेल्याला मेलेला समजून त्याच्या नावाने स्नान करून मोकळे होण्याची रीत त्या काळी होती, पण बायकोने काय करायचे? तिचे कुंकू पुसायचे की ठेवायचे? ती विधवा नव्हती, आणि नांदतीही नव्हती. पदरात लहानगा दत्तू होता. सांत्वनाला येणारी माणसे नवऱ्याची निंदा करून सांत्वन करत होती, आणि ज्याच्यावर जीव आहे त्याची निंदा ऐकत बसणे ही आणखी एक शिक्षा. नाशिक, पंढरपूर असे त्यांचे दिवस बहिणीच्या आणि मेहुण्यांच्या घरी गेले. नानासाहेब पेंडसे हे त्यांचे मेहुणे. या काळात त्यांनी पद्ये रचली, लपून रडल्या, आणि पुढे आयुष्याच्या उतारावर त्या दिवसांबद्दल लिहिताना चक्क विनोद केला. हा विनोद मराठी गद्याचे भाग्य आहे; पण तो विनोद वाचून ते दुःख हलके होते असे मानू नये.

तिकडे टिळक अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, मिशनच्या कामात रुजू झाले होते. त्यांची पत्रे येत होती, कवितेतली पत्रेही येत होती. दोघांपैकी एक जण पंढरपूरच्या वाळवंटाजवळ प्रार्थनेत, एक जण नगरच्या मंडळीत. देव दोघांचे निराळे, आणि मागणे एकच असणार. त्या दोन प्रार्थनांपैकी कोणती पोहोचली असा प्रश्न विचारणारे दोन्ही धर्मांत पुष्कळ भेटतील. मला तो प्रश्न बिनकामाचा वाटतो.

कामाचा प्रश्न निराळा आहे. त्या काळी 1866 चा एक कायदा होता. धर्म बदलून ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्याच कारणावरून नवरा किंवा बायको सोडून गेली, तर त्याला कोर्टात जाऊन विवाह रद्द करून घेता येत असे. टिळकांना हा रस्ता मोकळा होता. ते तापट होते, अधीर होते, घरात दोन दिवस धड थांबत नसत. पण हा माणूस या एका बाबतीत वर्षानुवर्षे थांबला. कोर्टात गेला नाही, दुसरा संसार मांडला नाही, पत्रे लिहीत राहिला. दया मागणारा माणूस बाहेरून कसा दिसतो असे मला कोणी विचारले तर मी टिळकांच्या त्या थांबण्याकडे बोट दाखवीन. आत ते कोणत्या शब्दांत प्रार्थना करत होते, याच्याशी मला फारसे कर्तव्य नाही.

आणि लक्ष्मीबाई? त्या परतल्या. कशा परतल्या हे नीट पाहायला हवे, कारण मंडळीतल्या प्रवचनांत ही गोष्ट हमखास उलट्या क्रमाने सांगितली जाते: बाईंनी प्रभूला स्वीकारले आणि मोडलेला संसार जुळला, असे. क्रम तसा नाही. त्या आधी नवऱ्याकडे आल्या, आणि आपले सोवळे, आपली चूल, आपले पाणी घेऊन आल्या. नगरच्या ख्रिस्ती वस्तीत एक सोवळी ब्राह्मण बाई ख्रिस्ती नवऱ्याच्या घरात आपला धर्म पाळत राहिली, आणि नवऱ्याने ते राहू दिले. जात देवाने केली की माणसाने, हा विचार त्यांच्या मनात पुढे, त्यांच्या स्वतःच्या पावलांनी आला. बाप्तिस्मा झाला 1900 मध्ये. समेटाची अट म्हणून धर्म आला नाही. समेट झालेल्या घरात, उशिरा, तो आला.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण प्रार्थनेच्या नावाखाली एक लबाडी चालते आणि ती सर्व धर्मांत चालते. तुटलेल्या नात्यासाठी प्रार्थना करायची म्हणजे जो दुबळा आहे त्याने क्षमा करावी यासाठी प्रार्थना करायची, असा सोयीचा अर्थ काढला जातो. मार खाणाऱ्या बाईला सांगायचे, ‘बाई, प्रभूने वधस्तंभावरून क्षमा केली, तू का नाही करत?’ मारणाऱ्याला मात्र वेदीवरून उठवून कोणी घरी पाठवत नाही. वेदीचा तो प्रसंग पुन्हा आठवा. उठून जायचे आहे ते ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याने. दुखावलेल्या भावाने कुठेही जायचे नाही. तो घरी बसून राहिला तरी चालेल. लक्ष्मीबाई आपली चूल घेऊन आल्या, ही त्यांची अट होती, आणि ती मान्य झाली. अटींशिवायचा समेट बलवानाच्या सोयीचा असतो.

आता दयेच्या दुसऱ्या बाजूला येऊ. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत, जी प्रत्येक ख्रिस्ती मुलाला पाठ असते, क्षमेची मागणी आहे आणि तिला एक जोड आहे: आम्ही इतरांना जशी केली तशी. बाकीच्या मागण्यांना अशी जोड नाही. रोजची भाकर द्यावी, त्याला अट नाही. दया मात्र मागणाऱ्याच्या हातून पुढे गेली पाहिजे. मत्तयाच्याच अठराव्या अध्यायात येशूने यावर दाखला दिला आहे. एका चाकराचे राजाकडे दहा हजार तालांतांचे देणे होते. तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हिशेब केला तर सहा कोटी दिवसांची मजुरी होते. ते देणे राजाने माफ केले. चाकर बाहेर पडला, त्याला शंभर दीनार देणे लागणारा सोबती भेटला आणि याने त्याची मानगूट धरली. शंभर दिवसांची मजुरी. आपल्याकडे रोजगार हमीवर खडी फोडलेल्या माणसाला शंभर दिवस म्हणजे काय ते ठाऊक आहे. ती क्षुल्लक रक्कम नव्हे. येशूलाही ती क्षुल्लक म्हणायची नाही. भावाने बांध कोरला, नणंदेने दागिना ठेवून घेतला, जावेने बाळंतपणात पाणी विचारले नाही, ही शंभर दिवसांची देणी आहेत आणि खरी आहेत. दाखला इतकेच सांगतो की हिशेबाची वही एकच आहे, आणि तिच्यात वरच्या बाजूला काय लिहिले आहे ते न पाहता खालची ओळ वाचता येत नाही.

पण शोकाच्या घरी हा दाखला सांगू नये. तिथे दुसरे शास्त्र लागते. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी विलापाचा आहे. देवा, तू कुठे आहेस, किती दिवस, असे विचारणारी, अंगावर येणारी स्तोत्रे. त्यातले 88 वे तर आरंभापासून अखेरपर्यंत काळोखात राहते. शेवटी आशेची एक ओळ जोडून द्यावी, असे ते रचणाऱ्याला वाटले नाही, आणि संग्रह करणाऱ्यांनीही ती घुसडली नाही. मंडळीत ते क्वचित वाचले जाते, याचे मला वाईट वाटते. इयोबाच्या गोष्टीतही तसेच. सगळे गमावलेल्या इयोबाला भेटायला तीन मित्र आले. सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी आयुष्यात केलेले ते सर्वांत चांगले काम. आठव्या दिवशी त्यांनी तोंड उघडले, देवाची बाजू मांडायला सुरुवात केली आणि सगळे बिघडवले. सांत्वनाला जाणाऱ्या प्रत्येक पाळकाने, आणि कीर्तनकारानेही म्हणतो, या आठव्या दिवसाची भीती बाळगावी.

योहानाच्या शुभवर्तमानात लाजर मरतो तेव्हा त्याच्या बहिणी, मार्था आणि मरीया, येशूला निरोप पाठवतात. तो चार दिवस उशिरा पोहोचतो. मार्था रस्त्यावरच गाठून म्हणते की तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. मरीया पाया पडते, आणि तीही तेच म्हणते. आपल्याकडे मयताच्या घरी पुण्या-मुंबईहून उशिरा आलेल्या मुलाला बहीण जे ऐकवते तेच हे. येशू त्यांना रागे भरत नाही, उशिराचे कारण सांगत बसत नाही. तो रडतो. ज्याच्याकडे दया मागायची त्याच्याशीच नाते ताणलेले आहे, अशी ही जागा आहे, आणि ख्रिस्ती परंपरेने ती लपवली नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावे भूकंपात दगडमातीखाली गेली. त्या पहाटेपासून या मुलखातल्या माणसाला देवाला जाब विचारण्याचा हक्क आहे, असे मी मानतो. जाब विचारणे हीसुद्धा प्रार्थना असते, हे मार्थेकडून शिकावे.

मराठवाड्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट सांगतो. ती टिळकांच्या जन्माआधीची आहे आणि तिचा शेवट टिळकांच्या घरासारखा झाला नाही. नारायण शेषाद्री हा निजामाच्या मुलखातला ब्राह्मण तरुण मुंबईला स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत होता. 1843 मध्ये तो ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, अजून पोरवयातला, मिशनऱ्यांपाशीच राहत होता. बापाने कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने श्रीपतला बापाच्या हवाली केले. पण मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या पोराला जातीत कसे घ्यायचे? मुंबईत मोठे वादळ झाले. बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करून मुलाला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे असा आग्रह धरला. मराठी वृत्तपत्राचा जनक म्हणून आपण बाळशास्त्रींचे फोटो लावतो. एका पोराला घरी परत जाता यावे म्हणून त्यांनी सोसले, हे फोटोखाली लिहिलेले नसते. नारायण शेषाद्री पुढे आपल्या मुलखात परतले. जालन्याला त्यांनी काम उभे केले आणि जवळच बेथेल नावाचे खेडे वसवले. मांग-महार वस्तीतली माणसे तिथे जमीन कसू लागली. मोठे काम होते. पण दोघे भाऊ दोन बाजूंना राहिले ते राहिलेच. दयेची प्रार्थना केली की नाते जुळतेच असे मला सांगता येणार नाही, आणि तसे सांगणाऱ्या प्रचारकांपासून सावध राहा असे मी ख्रिस्ती श्रोत्यांना मुद्दाम सांगतो.

पंडिता रमाबाईंचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा व्हायचा नाही, पण त्यांच्यावर स्वतंत्र व्याख्यानच हवे. 1874 च्या सुमारास दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. 1882 मध्ये पटकीने नवरा गेला, लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. इंग्लंडला जाऊन 1883 मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या, आणि लगेच ज्यांनी त्यांना आधार दिला त्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचे खटके उडू लागले. त्रैक्याच्या सिद्धांतावरून, मुलगी मनोरमेला कसे वाढवायचे यावरून, मिशनच्या अधिकाऱ्यांचे किती ऐकायचे यावरून. ती पत्रे आज छापील आहेत. एकाच देवाला ‘पिता’ म्हणणाऱ्या दोन बायका किती निकराने भांडू शकतात हे त्यांत दिसते. आणि आणखी एक दिसते: पत्रे थांबली नाहीत, आणि ती जपून, जुळवून ठेवली ती जेराल्डिन यांनीच. मनोरमा 1921 च्या जुलैत गेली. रमाबाई 5 एप्रिल 1922 ला गेल्या. मधले महिने त्या केडगावला मुक्तिमिशनमध्ये आपल्या मराठी बायबलाचे काम पुरे करत होत्या. दुष्काळाने पोरक्या झालेल्या स्वतःच्या आयुष्यातून त्यांनी 1897 च्या दुष्काळातल्या मुलींना घर दिले होते. त्यांच्या बाबतीत दयेची मागणी आणि दयेचे काम यांत फट शोधून सापडत नाही.

टिळकांकडे परत येतो. 1900 नंतर त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेला आवाज दिला. शेकडो गीते आणि अभंग लिहिले. ‘उपासना संगीत’ उघडले की पानोपानी ते भेटतात. त्याआधी नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाला सुरुवात केलेली होतीच. टिळकांनी भजन आणि अभंग मंडळीत आणले, तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते उघड म्हणत. त्यामुळे मराठवाड्यातल्या खेड्यात ख्रिस्ती घरी मयत होते, टाळ-पेटी घेऊन रात्री भजनाला मंडळी बसते, तेव्हा शेजारच्या वारकऱ्याला परके वाटत नाही. त्याच्या पायांना तो ठेका ओळखीचा असतो. इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे विलायती चालींवर म्हणत राहिलो असतो, तर शोकाच्या घरात आपण पाहुणेच राहिलो असतो. टिळकांची ही कामगिरी मला त्यांच्या निसर्गकवितेपेक्षा मोठी वाटते. यावर साहित्याचे प्राध्यापक माझ्याशी भांडतील, भांडोत.

1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. मिशनच्या चौकटीत, परक्यांच्या पगारावर ख्रिस्ताचे काम करणे त्यांना जमेना. ‘देवाचा दरबार’ उभा करायचा, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत, असे स्वप्न त्यांनी मांडले. पुन्हा नाती ताणली गेली, या वेळी आपल्याच माणसांशी. 9 मे 1919 रोजी मुंबईत ते गेले, आणि ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अर्धेही झालेले नव्हते. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याने मध्येच शिकवायला घ्यावे आणि मध्येच सोडून द्यावे अशा बाईने, नवऱ्याने टाकून दिलेल्या जागेपासून ओवी उचलली.

त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. त्यात त्या नवऱ्याला शेवटपर्यंत ‘टिळक’ म्हणतात. समेट झाल्यानंतरची प्रकरणे मुद्दाम वाचा. टिळक पुन्हा पैसे वाटून मोकळे होतात, पुन्हा तडकतात, पुन्हा न विचारता माणसे घरी आणून ठेवतात, आणि बाई पुन्हा कपाळाला हात लावतात, भांडतात, टोमणे मारतात, आणि स्वतः एखादे पोरके पोर उचलून घरी आणतात. प्रार्थनेने घर जुळले, पण घरातले भांडण काही संपले नाही. तुटलेल्या नात्यांसाठी मंडळीत प्रार्थना होते तेव्हा पुष्कळांच्या डोळ्यांपुढे शांत, हसरे, एका ताटात जेवणारे कुटुंब असते. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात ते सापडणार नाही. तिथे सापडतात दोन माणसे, जी आता एका छताखाली भांडतात आणि ज्यांपैकी कोणीही पंढरपूरची किंवा मुंबईची गाडी पकडत नाही.

प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवला आहे असे मला सांगितले आहे. 1866 च्या कायद्याबद्दल आणि टिळकांच्या बाजूने बोलू इच्छिणाऱ्यांनी आधी विचारावे. त्यांच्याशी माझे पटणार नाही असे पुष्कळ आहे.